जांभळी टिकली

नव्या लशीची एक पंचाईत होती. घेतली की ती दिसायची.

जुन्या सुईचं बरं होतं. टोचून घेतलं काय, न घेतलं काय, बाही खाली केली की कोण विचारतंय? ही नवी फ्लूची लस पट्टीतून यायची. पोस्टाच्या तिकिटाएवढी पट्टी आणि तिच्या आतल्या अंगाला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक सुया, साखरेसारख्या पदार्थाच्या. पट्टी दंडावर चिकटवली की सुया कातडीत विरघळत, लस आत जाई आणि दंडावर एक जांभळा ठिपका उरे. हंगाम संपेपर्यंत तो जात नसे. दवाखान्यात, पाळणाघरात, वृद्धाश्रमात काम करणाऱ्या माणसानं लस घेतली आहे की नाही, हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं असा सरकारचा हेतू होता. हेतू उत्तम होता. सरकारी हेतू उत्तमच असतात.

मिरजेबाहेर मालगावच्या रस्त्यावर ‘सायंतारा’ नावाचं वृद्धनिवास होतं. तिथल्या बायकांनी पहिल्याच वर्षी त्या ठिपक्याला ‘टिकली’ म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या वर्षी त्यांच्या ध्यानात आलं की ती बाहेरूनही लावता येते.

ही युक्ती मुख्य परिचारिका वर्षाराणी मगदूम हिची. तोंड आलं किंवा जखम चिघळली की लावायचं जांभळं औषध सायंताराच्या कपाटात होतंच. काडीला कापूस गुंडाळायचा, औषधात बुडवायचा आणि दंडावर टेकवायचा. खऱ्या ठिपक्याशेजारी धरला असता तर फरक कळला असता; पण शेजारी धरतंय कोण? औषधाचा ठिपका आठवडाभरात फिका पडे. म्हणून दर सोमवारी सकाळी कपाटापाशी बायका दंड पुढे करून उभ्या राहात आणि हळदीकुंकवाला आल्यासारख्या हसत. त्यांच्या वाटणीच्या खऱ्या पट्ट्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून केव्हाच भट्टीत गेलेल्या असत.

वर्षाराणी वाईट बाई नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून तसं वाटेल. बिछान्याला खिळलेल्या माणसाला अंग न दुखवता कुशीवर वळवावं तर तिनंच. म्हाताऱ्यांना लशीच्या पट्ट्या ती स्वतः लावायची, कुणी कांकू केलं तर रागवायची. पण स्वतःची पाळी आली की तिचं गणित बदलायचं. पहिल्या वर्षी पट्टी लावली तेव्हा ती दोन दिवस तापानं फणफणली होती. लशीनं फ्लू होत नाही, शरीर लढाईची तालीम करतं आणि त्या तालमीचा तो शीण असतो, हे तिला शिकवलेलं होतं. परीक्षेत तिनं ते लिहिलंही होतं. पण परीक्षेत लिहिलेलं आणि अंगावर आलेलं यात अंगावर आलेलंच माणसाला खरं वाटतं. बदली माणूस मिळेना म्हणून त्या तापातच तिला कामावर यावं लागलं आणि तेव्हाच तिनं ठरवून टाकलं.

“इतकी वर्षं आजाऱ्यांत वावरतेय, मला काय धाड भरलीय?” ती म्हणायची. “लस म्हाताऱ्यांना. आपल्याला कशाला?”

“बरोबर हाय,” आयांमधली सगळ्यांत जुनी शकिलामावशी दुजोरा द्यायची. “वरच्यांना गेटवर पाटी लावायची हौस, त्यापायी आपले दंड.”

गेटवर पाटी होतीच. ‘आमचे सर्व कर्मचारी लसवंत आहेत.’

आता यात चुकलं काय, ते समजून घेतलं पाहिजे. तरुण शरीराला लस देणं म्हणजे पोलिसांना चोराचा फोटो दाखवणं. एकदा दाखवला की ते विसरत नाहीत. ऐंशीच्या पुढच्या शरीरातले पोलीस मात्र निवृत्तीला टेकलेले असतात. फोटो दाखवला तरी ऐनवेळी त्यांना चेहरा आठवेल याची खात्री नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसाला फ्लूपासून वाचवायचं तर त्याला लस देऊन भागत नाही, त्याच्याभोवती वावरणाऱ्यांना ती द्यावी लागते. रोगाला आत यायला वाटच ठेवायची नाही. बायकांच्या “आपल्याला कशाला?” या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं, आणि ते कुणी त्यांना धड समजावून सांगितलं नव्हतं. वर्षाराणीला मात्र ते माहीत होतं.

आण्णा आरवाडे आणि त्यांची बायको आक्का सायंतारात एकाच खोलीत राहायची. आण्णांनी जन्मभर सांगलीत हळदीचा व्यापार केला. आता हळदीची गिरणी मुलगा सन्मती चालवायचा आणि रविवारची भेट कधी चुकवायचा नाही. मुलगी त्रिशला बेळगावला दिलेली. आण्णांच्या हाताला कंप होता, म्हणून दुपारची पेज वर्षाराणी त्यांना भरवायची. पेज त्यांना वाफाळती लागे आणि जीभ तर लगेच पोळे. मग ती तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढून चमच्याचमच्यावर फुंकर मारायची. नियमात हे बसत नव्हतं. पण आईनं लेकराला भरवावं तसं भरवते म्हणून सगळे म्हातारे तिच्यावर खूश असत, आणि आपल्यावर खूश असलेली माणसं कुणाला नको असतात?

“आमच्या आक्कानं उभ्या जन्मात कधी फुंकर मारली नाही बघ,” आण्णा थट्टा करायचे.

“मी गारच वाढत होते,” आक्का शेजारच्या खाटेवरून म्हणायची.

हिवाळ्याच्या तोंडाला आण्णांच्या दंडावर पट्टी लावताना त्यांनी वर्षाराणीला विचारलं होतं, “पोरी, तू घेतलीस काय?”

“ही काय,” म्हणून तिनं दंड पुढं केला. आण्णांनी चष्मा सावरून टिकली बघितली आणि समाधानानं मान हलवली.

त्याच हिवाळ्यात सायंताराच्या छताला ठिकठिकाणी एक यंत्र बसलं. कागदोपत्री त्याचं नाव वायुवाचक. पांढरा डबा आणि पुढं दोन भोकं, म्हणून बायकांनी त्याचं नाव नाकाड्या ठेवलं. नाकाड्या दिवसभर हवा हुंगायचा आणि हवेतले विषाणू आणि कण टिपून, गोठवून ठेवायचा. जोडीला हजेरीची नळी आली. कामावर येताना प्रत्येकीनं आपापल्या क्रमांकाच्या नळीत फुंकायचं; तो श्वासही गोठवला जायचा. भेटायला येणाऱ्यांनाही दारात अशीच एक नळी देत. नमुने लगेच कुणी वाचत नसे, ते फार खर्चाचं काम. साथ आली किंवा कुणी दगावलं, तरच ते प्रयोगशाळेत जात. बायका नळीत फुंकायच्या आणि विसरून जायच्या.

हळदीचा हंगाम सुरू झाला तेव्हा वर्षाराणीचा घसा खवखवू लागला. तिनं आल्याचा काढा घेतला. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं, तिनं गोळी घेतली. रजा काढावी असं तिच्या मनातही आलं नाही. आण्णांना दुसऱ्या कुणाच्या हातची पेज जात नव्हती. शनिवारी दुपारी तिनं नेहमीसारखा मास्क खाली ओढून त्यांना भरवलं.

रविवारी सन्मती आला तो शिंकतच. आण्णांजवळ बसून तो रुमालात शिंका देत राहिला. सोमवारी आण्णांना ताप भरला, पाठोपाठ आक्काला आणि आणखी दोघांना. सन्मती धावत आला, तेव्हा वर्षाराणी गेटवरच उभी होती.

“आत नाही जायचं,” ती म्हणाली. “काल शिंकत आलात आणि आज चार माणसं तापानं पडली. म्हाताऱ्या माणसांजवळ असं यायला लाज नाही वाटत?”

“सिस्टर, हंगाम चालू हाय,” सन्मती अजिजीनं म्हणाला. “पॉलिशचा ड्रम दिवसभर फिरतोय. हळदीची धूळ नाकात जाते, दरवर्षी हे असंच होतंय मला. आणि मी लस घेतलीय की. हे बघा.”

त्यानं शर्टाची बाही वर केली. ठिपका होता, गडद जांभळा.

“ठिपके काय, कुणीही लावून येतं,” वर्षाराणी म्हणाली.

हे वाक्य तिच्या तोंडून सहज गेलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा तिच्या स्वतःच्या लक्षात आलं नाही. तिला मनापासून राग आलेला होता, आपल्या म्हाताऱ्यांसाठी आलेला होता. सन्मती दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. गेट उघडलं नाही. आत आण्णांचा ताप छातीत उतरला होता. “सन्मती आला काय?” ते दर थोड्या वेळानं विचारत आणि वर्षाराणी सांगे, “त्यांना बरं नाही. तुम्ही बरं व्हा, मग येतील.” गुरुवारी सकाळी आण्णा गेले.

आक्का तापातून उठली. तिनं वर्षाराणीला विचारलं, “पोरी, असं कसं झालं गं एकाएकी?” वर्षाराणीनं जे तिला खरं वाटत होतं ते सांगितलं. अंत्यविधीला आक्कानं मुलाकडं पाहिलं नाही. त्रिशला तर चारचौघांत म्हणाली, “सन्मती, तूच नेलंस आण्णांना.” हळदीच्या व्यापाऱ्याचा पोरगा, हळदीची शिंक ती, पण तो मान खाली घालून उभा राहिला. आपल्याला फ्लू झालाच असेल, अंगावर काढला असेल, असं त्यालाही आता वाटायला लागलं होतं.

त्यानंतर आक्कानं कानातलं ऐकायचं यंत्र काढून टाकलं. “आता कुणाचं ऐकायचंय?” म्हणाली. तिच्याशी बोलायचं तर कानाशी वाकून ओरडावं लागे. ओरडायला कुणाला सवड नव्हती, त्यामुळे तिच्याशी बोलणारी एक वर्षाराणीच उरली.

चैत्रात अहवाल आला. सायंताराचे वैद्यकीय अधिकारी डॉ. इनामदार यांनी वर्षाराणीला बोलावून दार लावून घेतलं.

विषाणू वाढतो तो स्वतःच्या नकला काढून, आणि नकला काढण्यात तो भलता धांदरट आहे. पूर्वी पोथ्या हातानं उतरून घेत. एकानं उतरताना एखादं अक्षर चुकवलं, की त्याच्या पोथीवरून उतरणारा तीच चूक उतरवी आणि पदरची एक भर घाली. चुका जुळवत गेलं की कुणाची पोथी कुणाच्या पोथीवरून उतरली ते सांगता येतं. फ्लूचं तसंच आहे. अडचण अशी होती की दोन-तीन दिवसांत चुका फार थोड्या होतात, त्यामुळे एकमेकांपासून रोग घेतलेल्या माणसांचे विषाणू जुन्या यंत्रांना सारखेच दिसत. नवं यंत्र एकेका माणसाच्या श्वासातली विषाणूंची सगळी गर्दी वाचायचं, गर्दीतले अगदी मूठभर वेगळे असलेलेही. कुणाकडचे मूठभर कुणाकडं गेले हे कळलं की रोगानं कोणत्या वाटेनं प्रवास केला ते कळतं. कोण कुणापासून आजारी पडलं हा आजवर नुसता संशयाचा विषय होता. आता तो पुराव्याचा झाला होता.

डॉक्टरांनी पडद्यावर एक आकृती दाखवली. मध्ये एक आकडा, त्यातून चार रेघा निघालेल्या. एक आण्णांकडं, एक आक्काकडं, दोन इतरांकडं. मधला आकडा वर्षाराणीनं लगेच ओळखला. त्या क्रमांकाच्या नळीत ती रोज फुंकत होती.

“शनिवारी दुपारी, आण्णांच्या खाटेवरच्या हवेत,” डॉक्टर म्हणाले. “जेवणाची वेळ होती.”

“आणि त्यांचा मुलगा?” तिनं विचारलं.

“त्याच्या श्वासात काही नाही. रविवारच्या हवेत हळदीचे कण मात्र भरपूर सापडले.”

वर्षाराणी खुर्चीत बसून राहिली. शनिवारची पेज तिला आठवली. आण्णांनी वाटी संपवली होती, आणि ती खूश झाली होती.

“घाबरू नका,” डॉक्टर म्हणाले. माणूस मवाळ होता. “नाव बाहेर जाणार नाही, कायदाच तसा आहे. ही यंत्रं आधी मोठ्या दवाखान्यांत बसली, त्या पहिल्या वर्षी नावं फुटली आणि लोकांनी घरं फोडली, तेव्हापासून सगळं गोपनीय. घरच्यांनी लेखी विचारलं तर ‘संसर्ग संस्थेत झाला’ एवढंच कळवायचं. आरवाड्यांनी विचारलेलंही नाही. आणि तुम्ही लस घेतलेलीच आहे, नाही का? शंभरातल्या काही जणांना घेऊनही होतो. तुमचा काय दोष?”

त्यांची नजर तिच्या दंडावरच्या टिकलीवर गेली आणि तिथून पटकन खिडकीकडं गेली. त्यांना माहीत होतं की नव्हतं, हे सांगता येत नाही. माहीत करून घ्यायचं नव्हतं एवढं नक्की.

“हो,” वर्षाराणी म्हणाली. “घेतली होती.”

खोलीबाहेर आल्यावर तिला स्वतःची शिसारी आली. चूक झाली ती झाली, पण ती कळल्यावर आपण पहिलं काम काय केलं, तर पुन्हा खोटं बोललो. नोकरी जाईल, परवाना जाईल, ज्या घरात सगळे पोरी-पोरी म्हणतात तिथं तोंड दाखवायला जागा राहणार नाही. हे सगळं त्या एका ‘हो’त होतं. मी गप्प बसले तर काय बिघडतं, असं तिनं मनाला विचारून पाहिलं. आण्णा परत येणार आहेत थोडेच? पण मन ऐकेना.

दुपारी ती आक्काला भरवायला बसली. आण्णा गेल्यापासून आक्काही स्वतःच्या हातानं जेवत नव्हती. वर्षाराणीनं चमचा भरला. हात मास्ककडं गेला आणि तिथंच थांबला. तिनं चमचा तसाच आक्काच्या तोंडाशी नेला.

“आई गं!” आक्का ओरडली. “जीभ पोळली की. आज फुंकर नाही मारलीस होय गं?”

वर्षाराणीनं नुसती मान हलवली. आक्कानं तिचा हात धरला आणि बहिरी माणसं बोलतात तशी मोठ्यानं म्हणाली, “दमलीस होय? दमणारच. पोरी, तू होतीस म्हणून त्यांच्या पोटात शेवटपर्यंत चार घास गेले. पोटच्या पोरानं मारलं आणि परक्या पोरीनं भरवलं.”

वर्षाराणी वाटी घेऊन उठली. मोरीपाशी जाऊन तिनं नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडली. गणवेशाला पदर नव्हता; तो मोरीजवळ वाळत घातलेल्या कुणाच्यातरी लुगड्याचा होता.

तरीही ती बोलली नाही. रविवारपर्यंत नाही.

रविवारी सन्मती आला. तो दर रविवारी यायचा आणि आक्का दर रविवारी भिंतीकडं तोंड करायची. त्याही दिवशी तसंच झालं. आणलेल्या गव्हाच्या गोड हुग्गीचा डबा खाटेजवळ ठेवून तो निघाला. वाळला होता. शर्टाला हळदीचा वास येत नव्हता. गिरणीत जाणं त्यानं सोडलं आहे, कामगारच बघतात, असं शकिलामावशी म्हणत होती. गेटपाशी वर्षाराणी दिसली तेव्हा तो थांबला.

“सिस्टर, तुमचं बरोबर होतं,” तो म्हणाला. “मी तेव्हा उगाच वाद घातला. धूळ धूळ म्हणत बसलो. अंगात काय हाय ते बघूनच यायला पायजे होतं. तुम्ही आण्णांचं एवढं केलं आणि मी तुमच्याशीच भांडलो. माफ करा.”

त्यानं हात जोडले. वर्षाराणीला तिथून पळून जावंसं वाटलं. ज्याच्या पाया पडायचं त्यानंच आपल्यापुढं हात जोडावेत, यापरीस कानफटात मारली असती तर बरं, असं तिला झालं. तो स्कूटरवर बसून गेला.

सोमवारी सकाळी बायका कपाटापाशी आल्या तेव्हा वर्षाराणी स्पिरिटच्या बोळ्यानं आपला दंड घासत होती. कातडी लाल झाली होती.

“सिस्टर, काय करायलाय हे?” शकिलामावशीनं विचारलं.

“टिकली काढतेय. आण्णा माझ्यामुळं गेले. अहवाल आलाय.”

मग शकिलामावशी जवळ सरकली. “हे बघा सिस्टर, झालं ते झालं. पण तुम्ही बोललात तर आम्हालाबी विचारतील. माझ्या घरात कमावणारं दुसरं कोण नाही. तुम्हीच म्हणाला होता, आपल्याला कशाला म्हणून.”

“मीच म्हणाले होते,” वर्षाराणी म्हणाली. “मी माझंच सांगणार आहे. पण तुमच्यासाठी नव्या पट्ट्या मागवल्यात, त्या लावून घ्या. दुसरी टिकली मी लावणार नाही.”

तिनं जांभळ्या औषधाची बाटली मोरीत ओतली आणि पायी रस्त्याला लागली. सांगलीची बस मिळाली. गिरणीपर्यंत पोचेतो तिनं काय बोलायचं ते मनात घोकून ठेवलं होतं, ते दारातच विसरली.

सन्मती पोत्यांच्या थप्पीशेजारी नुसताच बसला होता. ड्रम बंद होता. तिला पाहून तो दचकून उठला. “आक्काला काय झालं?”

“आक्का बऱ्या आहेत. दादा, बसा. मला सांगायचंय.” आणि तिनं सांगितलं. टिकली, घसा, मास्क, फुंकर, अहवाल. एका दमात, त्याच्या पायांकडं बघत.

“म्हणजे मी नाही?” सन्मतीनं विचारलं.

“तुम्ही नाही.”

“माझ्यामुळं नाही?”

“नाही, दादा. तुम्हाला फ्लू झालाच नव्हता. हळदीचीच शिंक होती.”

तो मटकन पोत्यावर बसला. दोन्ही हातांनी त्यानं तोंड झाकलं. आता शिव्या देईल, मारेल, असं वर्षाराणीला वाटत होतं. तिला ते हवंही होतं. एकदा मार खाल्ला की फिटलं, असं तिचं मन म्हणत होतं. सन्मतीनं तोंडावरचे हात काढले तेव्हा त्याचे डोळे कोरडे होते.

“हे मला सांगून काय उपयोग?” तो म्हणाला. “मी मलाच समजावीन कसंबसं. ताईला सांगा.”

त्यानं बेळगावला फोन लावला आणि आवाज मोठा करून मध्ये ठेवला. वर्षाराणीनं पुन्हा सगळं सांगितलं. शेवटी त्रिशला म्हणाली, “सन्मती, तू हाईस काय रे तिथं?” आणि ती रडायला लागली. फोन ठेवल्यावर सन्मतीनं चुलत्यांचा नंबर लावला. मग मामांचा. त्यानंतर शेजारच्या अडत्याला त्यानं आत बोलावलं, कारण अंत्यविधीला तोही होता. प्रत्येकाला तिनं पहिल्यापासून सांगितलं. एकदा कबूल केलं की मन हलकं होतं, असं लोक म्हणतात. वर्षाराणीला तसं काही झालं नाही. दर वेळी समोरचा विचारत होता, “पण बाई, तुम्ही तर नर्स ना?”

“आता आक्का,” सन्मती म्हणाला.

दोघं पोचली तेव्हा जेवणाची वेळ होती. सायंताराच्या मोठ्या दालनात सगळे म्हातारे बसले होते, आया वाढत होत्या, डॉक्टर इनामदार फेरी मारत होते. आक्का तिच्या जागी होती. वर्षाराणीला पाहून तिचा चेहरा उजळला. मागं उभा असलेला सन्मती दिसला तसं तिनं तोंड फिरवलं.

“दादा, खोलीत नेऊन सांगते,” वर्षाराणी हळूच म्हणाली. “इथं सगळी बसलीत. त्यांना ओरडून सांगावं लागेल.”

“गेटवर मला बोललात, तेव्हा खोलीत नेलं नव्हतं,” सन्मती म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं.

वर्षाराणीनं सवयीनं आक्कापुढची पेजेची वाटी हातात घेतली आणि ती तिच्या कानाशी वाकली. “आक्का, सन्मतीदादांमुळं काही झालं नाही.”

“काय?”

“आण्णांना दादांमुळं काही झालं नाही!”

“ऐकू येईना गं पोरी. मोठ्यानं बोल की.”

तिनं श्वास घेतला. “दादांना फ्लू नव्हता! आण्णांना त्यांच्यामुळं काही झालं नाही!”

आक्कानं आपल्या मोठ्या, सपाट आवाजात विचारलं, “मग कुणामुळं?”

“माझ्यामुळं!” वर्षाराणी ओरडली. “मी लस घेतली नव्हती! दंडावरचं खोटं होतं! मी आजारी असताना त्यांना भरवलं!”

वाट्याचमच्यांचा आवाज थांबला. डॉक्टर जागच्या जागी उभे राहिले. शकिलामावशीनं वाढपाचा डाव खाली ठेवला आणि दुसऱ्या हातानं आपली बाही खाली ओढायला लागली. आखूड बाही ती, येईना. आजवर ज्यांना ज्यांना वर्षाराणीनं भरवलं होतं ती सगळी तोंडं तिच्याकडं वळलेली होती. मान वर करायची तिची हिंमत झाली नाही.

“परत एकदा बोल,” आक्का म्हणाली.

“माझ्यामुळं, आक्का!”

आक्कानं मान डोलावली. वर्षाराणीच्या हातातली वाटी तिनं काढून घेतली आणि आपल्यापुढं ठेवली. मग ती तिच्या खांद्यावरून पलीकडं बघायचा प्रयत्न करू लागली.

“सन्मती, हिकडं ये,” ती म्हणाली. “आणि ह्या बाईंना जरा सरकायला सांग. तुझं तोंड दिसंना मला.”

वर्षाराणी सरकली.